अनुभव धागा : विद्यापीठात काम करताना आपलेपणा कशामुळे वाटला?

विद्यापीठ म्हटले की विद्यार्थी आणि प्राध्यापक तेवढे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात परीक्षा विभाग, लेखा शाखा, ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृहे, सुरक्षा, उद्यान अशा अनेक ठिकाणी माणसे वर्षानुवर्षे काम करत असतात आणि शेजारच्या इमारतीत कोण बसते हे त्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसते. जगात सहापैकी एका व्यक्तीला एकाकीपणा जाणवतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधविषयक आयोगाच्या २०२५ मधील अहवालात म्हटले आहे. जागे असतानाचा मोठा वेळ कामावर जात असल्यामुळे कामाच्या जागेचा विचार यातून वगळता येत नाही. म्हणून निरनिराळ्या विभागांतील सहकाऱ्यांना आम्ही विचारले, की आपण या संस्थेचे आहोत असे आपल्याला केव्हा वाटू लागले आणि ते कशामुळे दुरावले. आलेली उत्तरे नावे न देता, केवळ पदनामांसह मांडत आहोत. ती एकमेकांशी सर्वत्र जुळत नाहीत, आणि ती जुळवून घेण्याचा प्रयत्नही आम्ही केलेला नाही.

ग्रंथालय सहायक

आमच्याकडे महिन्यातून एकदा, कामाच्या वेळेतच, तासाभराची एक बैठक होते आणि तीत कोणत्याही विभागातील एक व्यक्ती आपले रोजचे काम समजावून सांगते. विद्युत शाखेतील तंत्रज्ञ आले होते तो दिवस मला चांगला आठवतो. वीजपुरवठा खंडित झाल्यावर जनित्रावरचा भार कोणत्या क्रमाने वाढवायचा, उणे ८० अंश सेल्सिअसला चालणाऱ्या शीतकपाटांना त्यात अग्रक्रम का द्यावा लागतो, आणि रात्री-अपरात्री हे सर्व कोण पाहते, हे त्यांनी सांगितले. त्याच शीतकपाटांत अनेक वर्षांचे जैविक नमुने ठेवणारे प्राध्यापक समोर बसले होते. आपले संशोधन कोणाच्या दक्षतेवर टिकून आहे हे त्यांना त्या दिवशी प्रथमच समजले आणि पुढे प्रयोगशाळेच्या नियोजन बैठकीचे बोलावणे त्या तंत्रज्ञांना येऊ लागले. माझ्या दृष्टीने हा सत्काराहून मोठा मान आहे, कारण त्यात त्यांचे मत विचारले जाते.

याच बैठकीत मी पुस्तकांच्या वर्गीकरणाविषयी बोलले होते. एकाच पुस्तकाला दोन विषयांत जागा असू शकते, मग ते कोठे ठेवायचे हे कसे ठरवता, असा प्रश्न लेखा शाखेतील एका लिपिकांनी विचारला, आणि खर्चाची नोंद कोणत्या शीर्षाखाली करायची या त्यांच्या रोजच्या अडचणीशी तो प्रश्न किती मिळताजुळता आहे यावर आम्ही बराच वेळ बोललो. आज त्या शाखेत काही काम निघाले तर मी अर्ज पाठवून वाट पाहत बसत नाही, सरळ जाऊन बोलते.

सहायक प्राध्यापक, नव्याने रुजू

रुजू होताच मला मार्गदर्शक म्हणून माझ्याच विभागातील ज्येष्ठ प्राध्यापक नेमून दिले गेले. ते अत्यंत सहृदय आहेत. तथापि माझ्या कामाच्या मूल्यमापनातही त्यांचा सहभाग असल्यामुळे, वर्गात काय जमत नाही हे त्यांना मोकळेपणाने सांगणे मला अवघड जात असे. खरा आधार मिळाला तो दुसऱ्या विद्याशाखेतील एका सहकारी प्राध्यापिकेचा. आम्ही दोघी एकाच वेळी एकाच इमारतीत तास घेत होतो आणि तास संपल्यावर काही वेळ व्हरांड्यात उभ्या राहून बोलत होतो. माझ्या पदोन्नतीशी त्यांचा काहीही संबंध नव्हता, आणि म्हणूनच त्यांच्याशी बोलता आले. मार्गदर्शक नेमताना ही गोष्ट ध्यानात घ्यावी, एवढीच माझी विनंती आहे.

माहिती तंत्रज्ञान कक्षातील कंत्राटी कर्मचारी

मी थोडा वेगळा मुद्दा मांडू इच्छितो. आपलेपणाविषयी बोलताना स्नेहसंमेलने आणि क्रीडास्पर्धांचा उल्लेख होतो, परंतु माझ्यासारख्यांना आपण या संस्थेत कोण आहोत हे कळते ते याद्यांमधून. मी पूर्वी ज्या विद्यापीठात होतो तेथे ‘सर्व कर्मचाऱ्यांसाठी’ असा मथळा असलेली परिपत्रके ज्या ईमेल यादीवर जात, त्या यादीत कंत्राटी कर्मचारी नव्हते. ती यादी चालवणारा सर्व्हर मात्र आम्हीच सांभाळत होतो. ओळखपत्राचा रंग वेगळा होता, ग्रंथालयाचे सभासदत्व मिळत नव्हते, आणि कराराचे नूतनीकरण होणार की नाही हे मुदत संपत आली तरी कोणी सांगत नसे. अशा स्थितीत कोणी कितीही प्रेमाने खेळायला बोलावले तरी पाऊल पुढे पडत नाही. सध्याच्या ठिकाणी यादी एकच आहे, ग्रंथालय खुले आहे आणि नूतनीकरणाचा निर्णय वेळेत कळवला जातो. माझे सहकारी तेथेही चांगले होते, येथेही चांगले आहेत. फरक पडला तो नियमांमुळे, आणि नियम बदलणे हे प्रशासनाच्या हातातले काम आहे.

प्राध्यापिका, समाजशास्त्र

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये असे मांडले, की निकटच्या मित्रांपेक्षा जुजबी ओळखीची माणसे आपल्यापर्यंत नवी माहिती अधिक पोहोचवतात, कारण त्यांचा वावर आपल्या वर्तुळाबाहेर असतो. विद्यापीठाला हे विशेष लागू पडते. आमच्याकडे प्रत्येक विभाग आतून घट्ट बांधलेला असतो, परंतु दोन विभागांना जोडणारी माणसे मोजकीच असतात. आमच्या अभ्यासमंडळाच्या कामानिमित्त माझी परीक्षा विभागातील एका कक्षाधिकाऱ्यांशी ओळख झाली. आमची घनिष्ठ मैत्री नाही. तरीही प्रश्नपत्रिकांच्या आराखड्यात बदल केला की मुद्रणापासून गुणनोंदीपर्यंत किती जणांच्या कामाची फेरमांडणी करावी लागते, हे मला त्यांच्यामुळे समजले, आणि आमच्या विभागात एखादा ठराव येतो तेव्हा ती बाजू मी आवर्जून मांडते.

अभियंता, बांधकाम शाखा

१९७० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील थॉमस ॲलन यांनी संशोधन आणि अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांचा अभ्यास केला. दोघांच्या बसण्याच्या जागांतील अंतर वाढले की संवाद झपाट्याने घटतो आणि साधारण ५० मीटरपलीकडे नियमित बोलणे फारच थोडे उरते, असे त्यांना आढळले. नकाशे तयार करताना हे आम्हाला ठाऊक असते. तरीही जागा कमी पडू लागली की पहिली कुऱ्हाड सामाईक खोलीवर पडते, कारण ती कोणत्याच विभागाच्या नावावर नसते. माझा आग्रह असा आहे, की अशा खोलीची नोंद जागावाटपाच्या तक्त्यात स्वतंत्रपणे व्हावी आणि ती जिन्याजवळ, येण्याजाण्याच्या वाटेवर असावी. दूरच्या टोकाला बांधलेली सुंदर विश्रांतिका रिकामी राहते.

सुरक्षारक्षक, रात्रपाळी

सर्व कार्यक्रम दिवसा होतात. वसतिगृहाच्या अधीक्षिका पाळी बदलताना थांबून दिवसभरात काय घडले ते सांगतात आणि रात्री काय घडले ते माझ्याकडून ऐकून घेतात. माझ्यासाठी तेवढे पुरेसे आहे.

समुपदेशक, मानसशास्त्र विभाग

रॉय बाउमायस्टर आणि मार्क लिअरी यांनी १९९५ मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधात, आपलेपणाच्या गरजेसाठी दोन गोष्टी आवश्यक असल्याचे म्हटले आहे : वारंवार होणाऱ्या सुखद भेटी, आणि दीर्घकाळ टिकणारी परस्परांविषयीची आस्था. वर्षातून एकदा होणारा मोठा समारंभ यांपैकी कोणतीच गोष्ट पुरवू शकत नाही. माझ्याकडे येणारे अनेक कर्मचारी मितभाषी आहेत आणि सक्तीच्या सहभागाने ते अधिकच आक्रसतात. त्यांपैकी काहींना विद्यापीठाच्या परिसरातील झाडांची नोंद करणाऱ्या गटात बरे वाटले, कारण तेथे हातात काम होते, तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटत होती आणि कोणी स्वतःविषयी बोलण्याचा आग्रह धरत नव्हते. गट लहान ठेवावा, वेळ ठरलेली असावी आणि न येण्याची पूर्ण मुभा असावी, असे मी आयोजकांना नेहमी सांगते.

अधीक्षक, आस्थापना विभाग

आरोग्यवर्धक विद्यापीठांविषयीची ओकानागन सनद २०१५ मध्ये कॅनडात स्वीकारली गेली. आरोग्याचा विचार प्रशासन, दैनंदिन कामकाज आणि अध्यापन-संशोधन या सर्वांत मुरावा, असे तीत म्हटले आहे. आस्थापना विभागाला करता येण्याजोगे त्यात बरेच आहे. आमच्याकडे आता नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाची, त्याचा संवर्ग कोणताही असो, स्वतःच्या विभागाबाहेरील काही कार्यालयांत प्रत्यक्ष नेऊन ओळख करून दिली जाते. आजारपणाच्या दीर्घ रजेवर असणाऱ्या व्यक्तीशी कोणी संपर्कात राहायचे, हे त्याच व्यक्तीला विचारून ठरवले जाते. कामाविषयी चौकशी करायची नाही, ही अट त्यात लेखी आहे. ग्रंथालयातील ज्या बैठकीविषयी वर लिहिले आहे, तिला जाणाऱ्यांचा तो तास कामाचा समजावा असा आदेश निघाल्यानंतरच शिपाई, माळी आणि प्रयोगशाळा परिचर तेथे दिसू लागले, कारण तोपर्यंत त्यांना वरिष्ठांकडे परवानगी मागावी लागत होती. सेवानिवृत्त होणाऱ्यांची नावे पूर्वी सर्व याद्यांतून आपोआप वगळली जात असत. आता त्यांना विचारून ती ठेवली जातात, आणि जुन्या नोंदींचा अर्थ लागत नाही तेव्हा आम्ही त्यांच्याकडे सल्ला मागतो.