भूमी अभिलेखांचा निधी संगणकावर की मोजणीवर?

माळरान:
केंद्राने २००८ साली भूमी अभिलेख आधुनिकीकरणाचा कार्यक्रम सुरू केला. २०१६ पासून त्याचा सगळा खर्च केंद्रच उचलतं. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी त्याला ८७५ कोटी रुपये ठरले. माझं स्पष्ट मत आहे की यापुढचा पैसा आधी मोजणी आणि दुरुस्तीवर लावा, संगणकाचं नंतर बघू.

कारण सांगतो. आमच्या गटाचा हस्तलिखित सातबारा माझ्याकडे आहे. वडिलांच्या नावापुढे निळ्या शाईत ०.६१ हेक्टर आहे, म्हणजे दीड एकर. ऑनलाइन उताऱ्यावर तेच ०.३१ झालं. टंकताना ६ चा ३ झाला आणि आमची ३० गुंठे जमीन कागदावरून गेली. सोसायटीत पीककर्जाला गेलो तेव्हा कळलं. मग जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनातली चूक दुरुस्त करायचा अर्ज, अभिलेख कक्षातून जुनी नक्कल, तलाठ्याचा अहवाल, मंडळ अधिकाऱ्यांचा अहवाल, सहहिस्सेदारांना नोटिसा. चौदा महिने गेले त्यात. दोन हंगाम कर्ज निम्म्यावर घ्यावं लागलं. चूक करणाऱ्याला एक क्षण लागला आणि निस्तरायची मात्र आम्ही!

चाकरमानी:
तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य. पण निष्कर्ष पटला नाही. माझी जमीन संगमेश्वर तालुक्यात, नोकरी मुंबईत. पूर्वी एका उताऱ्यासाठी रात्रीची एसटी धरायची, सकाळी सजावर जायचं, तर तलाठीभाऊ दुसऱ्या गावाला. रजा फुकट. आज १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो.

आणि खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. मागच्या वर्षी ‘आपली चावडी’ या फेरफाराच्या नोटिसा दाखवणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर सहज गाव निवडून बघितलं, तर आमच्या सामायिक गटात खरेदीखताचा फेरफार, म्हणजे मालकी बदलाची नोंद, धरलेला! चुलतभावाने परस्पर विकायला काढलं होतं. नोटिशीचे पंधरा दिवस संपायला चार दिवस होते. हरकत नोंदवली म्हणून जमीन राहिली. कागदी वहीच्या काळात मला हे गणपतीला गावी गेल्यावर कळलं असतं, तेही फेरफार मंजूर झाल्यावर. संगणकावरचा पैसा वाया गेला असं मी तरी म्हणू शकत नाही.

बाकी २०१७ ला गावोगाव चावडी वाचन, म्हणजे संगणकावरचे सातबारे गावासमोर वाचून चुका विचारणं, झालं होतं ना? तेव्हा का नाही सांगितलंत?

माळरान:
झालं होतं, मी स्वतः हजर होतो. आमच्याकडे खातेदारांची नावं वाचली, क्षेत्र वाचलंच नाही. शंभरेक माणसं उन्हात उभी, एक माणूस वाचतोय. म्हणूनच म्हणतो, त्या कामाला माणसं आणि दिवस द्यायला हवे होते. निधी तिथे कमी पडला.

निवृत्त भूकरमापक:
तीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात जमिनी मोजण्यात काढली, म्हणून राहवत नाही.

आपली मूळ मोजणी ३३ फुटी साखळीची. एका साखळीचा चौरस म्हणजे गुंठा. त्या काळच्या टिपणांवर, म्हणजे मोजणीच्या कच्च्या आराखड्यांवर, अंतरं साखळी आणि आण्यांत (साखळीचा सोळावा भाग) आहेत. ते कागद मी हाताळलेत. घडीवर तुकडे पडतात, नेमकी बांधाची रेघ घडीत आलेली असते. त्यांचं स्कॅनिंग झालं नसतं तर दहा वर्षांत आपल्याकडे पुरावाच उरला नसता. एवढ्यापुरता मी चाकरमानींच्या बाजूचा.

पण दुखणं वेगळ्याच ठिकाणी आहे. गटातला निम्मा भाग विकला की सातबाऱ्यावर नाव चढतं, क्षेत्र फुटतं. नकाशावर मात्र गट अखंडच. पोटहिस्सा, म्हणजे गटातला वेगळा झालेला तुकडा, मोजलेलाच नसतो. पुढे त्याचेही वारसांत चार तुकडे. मग बांधावर कुऱ्हाडी निघतात. केंद्राच्या स्वामित्व योजनेत मोजणीला ड्रोन उडाले ते गावठाणासाठी, म्हणजे गावातल्या घरांच्या जागेसाठी. तिथे भिंती वरून दिसतात. शेतात दरवर्षी नांगर बांध कोरत जातो, हद्दीचे दगड कधीच गेलेत. तिथे रोव्हर (उपग्रहाच्या मदतीने जागा मोजणारं यंत्र) घेऊन माणूसच उभा राहावा लागतो, शेजारच्या खातेदारासमोर. माझ्या शेवटच्या पोस्टिंगला तालुक्यात आम्ही पाच जण होतो, अर्ज मात्र शेकड्याने.

चाकरमानी:
साहेब, पोटहिस्सा मोजणीला पैसा द्या, माझी ना नाही. पण ऑनलाइनचा थांबवून नको. तुमची मोजणी आमच्या डोंगरउतारावर पोचायला किती वर्षं लागतील? तोवर परगावी राहणाऱ्याने नजर कशी ठेवायची?

माळरान:
थांबवा असं मी म्हणत नाही, आधी काय ते म्हणतोय. निदान एवढं करा: टंकलेखनातली चूक जुन्या उताऱ्यावर उघड दिसत असेल, तर शेतकऱ्याला अर्ज करायला लावू नका. दोन्ही उतारे खात्याकडेच आहेत. खात्याने स्वतः ताडून बघावेत, आणि त्यासाठी लागतील तेवढी माणसं याच निधीतून घ्यावीत.

निवृत्त भूकरमापक:
याला माझा पाठिंबा. आणि ताडताना आकारबंदाशीही, म्हणजे प्रत्येक गटाचं क्षेत्र आणि आकारणी नोंदलेल्या आमच्या नोंदवहीशीही, ताडा. गटाची बेरीज जुळली नाही की चूक तिथल्या तिथे सापडते.