मदत हवी आहे: आधी कॉन्सर्ट, मग शेतावरचा धिंगाणा

या उन्हाळ्यात आमच्या टोळक्याचा बेत ठरलाय. संध्याकाळी मोकळ्या मैदानावरची कॉन्सर्ट आणि तिथून थेट मित्राच्या शेतावर मुक्काम. गाणी, नाच, पहाटेपर्यंत आरडाओरडा. नियोजन अर्थातच माझ्या गळ्यात पडलंय (ज्याची गाडी, त्याच्याच डोक्याला ताप).

पहिली काळजी कानांची. स्टेजजवळ आवाज सहज १०० डेसिबलच्या घरात जातो आणि एवढ्या आवाजात कानांना सुरक्षित वेळ जेमतेम १५ मिनिटं धरतात. आमच्यातल्या काहींना मात्र स्पीकरला चिकटूनच उभं राहायचं असतं! फोमचे इअरप्लग घातले की झांजांचा किणकिणाट आधी मरतो, गायकाचे शब्द गोधडीतून आल्यासारखे लागतात. संगीतासाठी वेगळे प्लग मिळतात, ते कुणी वापरलेत का? खरंच फरक पडतो?

शेतावर वेगळीच भानगड. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, हे गणित माहीत आहे. पण निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वरची उबदार राहते आणि आवाज खाली वाकून लांबवर पोचतो. बास तर चहूकडे पसरतो. म्हणजे आमचा बेसूर कोरस दूरच्या घरांनाही ऐकू जाणार. स्पीकर कुठे, कसा ठेवावा? शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं तर लोक चालवून घेतात का?

शेकोटी मी रद्दच केलीय, वाळलेल्या गवतात ती जोखीम नको. तिच्याऐवजी रात्र कशी रंगवायची, तेही सुचवा. पत्ते सोडून काहीही चालेल.