अनुभव धागा: कलाक्षेत्रातली उन्हाळी इंटर्नशिप (ठाणे–नवी मुंबईकर, लिहा!)

भाची बीएफएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्यात इंटर्नशिप करायची म्हणतेय. ताईचा प्रश्न एकच, "पैसे देणार की घेणार?" मला उत्तर देता येईना. माझी स्वतःची इंटर्नशिप म्हणजे महिनाभर निमंत्रणांची पाकिटं चिकटवणं आणि उद्घाटनाला चहा फिरवणं. ज्यांनी केलीय त्यांनी खरं खरं लिहा.

नेरुळ
फोर्टातली गॅलरी. पहिला आठवडा चित्राला हातच लावू दिला नाही. मग कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्राच्या अवस्थेची नोंद, शिकवला. टॉर्च बाजूने तिरका धरायचा, की रंगाचे तडे, सुटलेले पापुद्रे उठून दिसतात; समोरून तेच चित्र ठणठणीत वाटतं. एकदा मी तैलचित्राला थेट बबल रॅप गुंडाळायला घेतला. चित्रं टांगणारे काका केवढ्याने ओरडले! "पोरी, फुग्यांचे ठसे उठतील रंगावर. आधी ग्लासिन घाल." ग्लासिन म्हणजे गुळगुळीत, पातळ कागद. खिळ्याचं गणितही त्यांचंच: चित्राचा मध्य जमिनीपासून ६० इंचांवर धरायचा, त्यात फ्रेमची निम्मी उंची मिळवायची आणि वरच्या कडेपासून मागच्या ताणलेल्या तारेपर्यंतचं अंतर वजा करायचं. क्युरेटर बाईंनी काय शिकवलं ते आता आठवत नाही.

कळवा
दोन महिने, शून्य रुपये. पास माझ्या खिशातून. सर्टिफिकेट दिवाळीनंतर, तेही नावात चूक करून. स्टायपेंडचं आधी ईमेलवर लिहून घ्या.

वाशी
मी कागदाच्या संवर्धनाचं काम केलं. फाटलेला कागद सांधायला गव्हाच्या स्टार्चची खळ आणि जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद. खळ का, तर पुढेमागे पाण्याने सोडवता येते. बॅगेतला फेविकॉल बघून मॅडमनी असं पाहिलं, की मी तो पुन्हा आणला नाही! भाचीला आधी भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय दाखवा. १८७२चं आहे, राणीच्या बागेला लागूनच. ठाण्याहून थेट स्लो लोकल. आम्हाला वाशीकरांना मेलं कुर्ल्याला बदलावं लागतं.

ठाणे पूर्व
आमच्या वेळी इंटर्नशिप हा शब्द नव्हता. सुट्टीत गणपतीच्या कारखान्यात जायचो. शाडू मळायचा, साच्यात दाबायचा, सांधे बुजवायचे, ओल्या ब्रशने हात फिरवायचा. पैसे शनिवारी रोख. आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं, मात्र जुलैनंतर, म्हणून एकदा कॉलेज बुडवून गेलो. मालकांनी पंखा बंद करायला लावला आणि दारात उभं केलं, कुणी हाक मारत आत येऊ नये म्हणून. तासभर घामाने निथळत मी मूर्तींचे डोळे उघडताना बघितले. ब्रश हातात दिला नाहीच.

धागाकर्ती
ताईला सगळं वाचून दाखवलं. ती विचारतेय, तो कारखाना अजून आहे का?