मैदान सोडावं का? तुमच्या गावचे अनुभव लिहा

जिनिंगमागचा गोली
पोरगा एव्हर्टनचा आहे. म्हणजे टीव्हीवरचा. राहतो तालुक्याच्या गावी, पण लिव्हरपूल शहरातली ती निळी फुटबॉल टीम हरली की घरात जेवत नाही. काल रात्री तो त्यांची जुन्या मैदानावरची, गुडिसन पार्कवरची, शेवटची मॅच पुन्हा लावून बसला होता, १८ मे २०२५ ची. साउदॅम्प्टनला २-० हरवलं, दोन्ही गोल एन्डियायेचे. आणि म्हातारे म्हातारे लोक ढसाढसा रडून राहिले. १८९२ पासूनचं मैदान, एका कोपऱ्याला चर्च टेकलेलं, चहूकडून घरं. वाढवायला जागाच नाही, म्हणून क्लब नदीकाठी जुन्या गोदीत, ५२ हजारांच्या नव्या स्टेडियमात गेला.

मला आमचं कापसाच्या जिनिंगमागचं मैदान आठवलं. कामठीहून बदलून आलेल्या पीटीच्या सरांनी आम्हाला फुटबॉलचा नाद लावला, नाहीतर इकडे क्रिकेट न् कबड्डी सोडून तिसरं कोणी खेळत नव्हतं. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्यांची रांग थेट गोलसमोरच्या डीपर्यंत. बैल सोडलेले, आम्ही शेण चुकवत बॉल काढायचो. आमच्या टीमचं ड्रिबलिंग जिल्ह्यात नावाजलेलं होतं ते उगाच नाही.

आता बायपासला तालुका क्रीडा संकुल झालं आहे. पोरं म्हणतात, मंडळाची स्पर्धा तिकडे न्या. जुने म्हणतात, मैदान सुटलं की टीम मोडते. लवकरच बैठक आहे. तुमच्याकडे टीम, आखाडा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, काहीही जागा सोडून गेलं असेल तर लिहा. पुढे काय झालं ते मुख्य.

पऱ्हाटी
कोणतं जिनिंग भाऊ? पुलगाव साइडचं का? माझे मामा होते तिथं काट्यावर.

जिनिंगमागचा गोली
नाही, दारव्ह्याकडचं. याच्यापुढे नका विचारू, बैठकीतले लोक इथं वाचतात.

सावजी तर्री
सिव्हिल लाइन्सचं व्हीसीए, विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं जुनं मैदान!! काटोलहून सकाळची एसटी, नागपुरात उतरायचं न् पायी. ३१ ऑक्टोबर १९८७, न्यूझीलंड. चेतन शर्माची हॅटट्रिक, तिन्ही बोल्ड, आणि त्याच दिवशी गावस्करची वनडेतली एकुलती एक सेंच्युरी, अंगात ताप असताना ८८ बॉलमध्ये नाबाद १०३. आमच्या काकांनी पाहिली. निदान ते तसं सांगतात. काकू म्हणते त्या दिवशी ते वावरात होते.

२००८ पासून मोठ्या मॅची शहराबाहेर जामठ्याला. स्टेडियम देखणं आहे, खोटं कशाला बोलू. पण डे-नाइट मॅच सुटली की वर्धा रोडवर गाड्याच गाड्या न् आपल्या गावाची शेवटची एसटी कधीचीच गेलेली. गाडीवाल्याचं मैदान झालं ते. पायी येणारा गेला.

संत्र्याची फोड
पण दादा, जुनं व्हीसीए पाडलं कुठं? तिथं अजून मॅची होतात. आणि रणजीच्या २०१८-१९ न् २०२४-२५ च्या फायनल जामठ्यावरच जिंकल्या आपण. तिथं मजा येत नाही असं म्हणू नका.

सावजी तर्री
रणजीला फुकट सोडतात न् बसायला सावली भेटते, तेवढी मजा मान्य.

खाण कॉलनी
आम्हाला तं सोडायचं का म्हणून कोणी विचारलंच नाही. मैदानाखाली कोळसा निघाला.

वणी साइड. ओपनकास्ट, म्हणजे उघडी खाण, सरकत सरकत आली. आधी क्वार्टरच्या भिंतींना भेगा. मग ब्लास्टिंगच्या वेळी मॅच थांबवायची सवय लागली. भोंगा झाला की सगळे उभे, रेफ्रीच्या काखेत बॉल, धडाम्, धूळ खाली बसली की थ्रो-इन. बाहेरगावची टीम घाबरायची, आम्ही तेवढ्यात एक गोल मारून घ्यायचो. कॉलनीत तेलुगू, बिहारी, छत्तीसगडी, आपले, सगळ्यांचे पोट्टे. घरात भाषा वेगवेगळी, मैदानावर शिव्या एकच.

आता तिथं खड्डा आहे. मोबाईलच्या नकाशात पाहिलं तर हिरवं पाणी दिसते. पण टीम आहे बरं का! कारण कॉलनी उठली तेव्हा आमच्या म्हाताऱ्यांनी आधी नव्या जागी मैदान आखून घेतलं, मगच क्वार्टरच्या चाव्या घेतल्या. आणि लाइनीच्या लाइनी एकत्र हलल्या. शेजारी तोच, गोली तोच. गोली भाऊ, तुमच्या बैठकीत हे सांगा.

वैनगंगेकाठी
आमचं उलटं झालं. धरणात गाव गेलं. नव्या गावठाणाच्या नकाशात क्रीडांगण म्हणून चौकोन होता, तो मिळाला पण. सगळा मुरूम. कबड्डी खेळून पाहा मुरमावर. एक पकड केली की गुडघा सोलला. जुनं मैदान नदीच्या पोयट्याचं, पडलं तरी लागत नव्हतं, म्हणून आमचे पोरं अंग टाकायचे. त्याच्यावरच तर नाव होतं टीमचं. मुरमावर कोणी अंग टाकेना. वरून अर्धं गाव मोबदला घेऊन नातेवाइकांकडे पवनी, भंडाऱ्याला गेलं. दोन-तीन वर्षं ओढली टीम. मग व्हॉलीबॉल.

पऱ्हाटी
अरेरे. माती टाकून नाही घेतली का?

वैनगंगेकाठी
टाकली ना. पहिल्या पावसात वाहून गेली. उतार होता.

दोन वेण्या
कुकर लावला आहे, तीन शिट्ट्या होईस्तोवर लिहिते.

सगळे काका-दादा जुन्या मैदानासाठी गहिवरले आहेत म्हणून सांगते. आमच्या गावच्या जुन्या मैदानावर आम्हा मुलींना जागाच नव्हती. एका बाजूला पानठेला, दुसऱ्या बाजूला पारावर दिवसभर बसलेले लोक. मी शाळेत खो-खो चांगली खेळायची. सराव कुठे? शाळेच्या व्हरांड्यात. मैदानात उतरलं की पारावरून कॉमेंट्री सुरू, आणि संध्याकाळपर्यंत ती आमच्या बाबांच्या कानावर. लघवीला जायचं तर घरी. त्यामुळे पाणी न पिता खेळायचो.

माझी लेक आता तालुक्याच्या संकुलात पळायला जाते. भिंत आहे, दार लागेल असं बाथरूम आहे. मला त्या जागेचा काही इतिहास नको आहे. गोली दादा, बैठकीत बाया असणार आहेत का? नसतील तर निर्णय काय होणार ते मी आत्ताच लिहून देते.

जिनिंगमागचा गोली
ताई, नाहीत. हे डोक्यातच आलं नव्हतं.

संत्र्याची फोड
ताई १०० टक्के! आणि गंमत बघा, गुडिसन पार्क आधी पाडणार होते, आता तिथं एव्हर्टनच्या बायकांची टीम खेळते. पुरुष गेले तेव्हा कुठं जागा झाली 😄

दोन वेण्या
असं का! शिट्टी झाली, येते.

रात्री दीडचा प्रेक्षक
मी पुसदचा, होस्टेलवर राहतो, रात्री जागून मॅची पाहतो, म्हणून थोडं फुटबॉलचं सांगतो. गोली काका, एव्हर्टनचं पहिलं घर गुडिसन नव्हतंच. १८८४ पासून ते ॲनफिल्डवर खेळायचे! भाड्यावरून जागेच्या मालकाशी बिनसलं, क्लब १८९२ मध्ये उठून गुडिसनला गेला. मालकाकडे रिकामं मैदान उरलं, म्हणून त्यानं स्वतःची टीम काढली. तीच लिव्हरपूल. म्हणजे एका भाडेकरूच्या भांडणातून दोन क्लब.

दूर नेलं की काय होते ते लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबला विचारा. १९९१ मध्ये स्वतःचं मैदान सोडलं, दुसऱ्याच्या घरी भाड्यानं राहिले, शेवटी २००३ मध्ये क्लब उचलून मिल्टन कीन्सला नेला. नकाशावर पाहा, नागपूरहून वर्ध्याच्याही पुढे होईल. पण लोक गेलेच नाहीत सोबत! त्यांनी आधीच, २००२ मध्ये, एएफसी विम्बल्डन नावाचा आपला क्लब काढला, खालच्या लीगपासून चढत आले आणि २०२० मध्ये जुन्या मैदानाच्या हाकेच्या अंतरावर नवं बांधून परत आले.

लंडनचेच वेस्ट हॅमवाले २०१६ मध्ये ऑलिंपिकच्या स्टेडियमात गेले. भोवती ट्रॅकची जागा, त्यामुळे प्रेक्षक लांब. अजून लोक कुरकुर करतात. तुमच्या संकुलात पण ट्रॅक असेल ना? मग लाइनीवर उभं राहून शिव्या देणारे बंद. स्पेनच्या बिलबाओवाल्यांनी २०१३ मध्ये जुन्याला चिकटून नवं बांधलं, ते मला सगळ्यात शहाणे वाटतात.

सावजी तर्री
अबे अभ्यास कर थोडा.

रात्री दीडचा प्रेक्षक
हाच अभ्यास करून राहिलो काका.

जिनिंगमागचा गोली
पोराला तुझा नंबर देऊ नये असं ठरवलं आहे 😂 त्यानंच सांगितलं की गुडिसनच्या कडेला शेकडो चाहत्यांच्या अस्थी पुरल्या आहेत. जागा संपली म्हणून क्लबला २००४ मध्ये ते बंद करावं लागलं.

पऱ्हाटी
बापा! आमच्याकडे मैदानात कोणाची राख पुरली तर दिवे लागल्यावर एक पोट्टं फिरकणार नाही तिकडे.

खाण कॉलनी
बॉल आणायला कोण जाईल, हा प्रश्न कायमचा मिटला.

पऱ्हाटी
शंकरपटाचं कोणी लिहिलं नाही म्हणून. सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या बंदीनं आमच्या गावचा पट थांबला. कोर्टानं २०२३ च्या निकालात परवानगी दिल्यावर पुन्हा भरवायचं ठरलं, तं जागाच नाही. मधल्या काळात मालकानं ले-आउट पाडून प्लॉट विकले. ज्या जागेवर बैल पळायचे तिथं आता ठेकेदाराचा बंगला. मग नदीपलीकडे वावर भाड्यानं घेतलं. गर्दी तेवढीच झाली, उलट जास्त. पटासाठी नावाजलेले तळेगाव दशासरवाले पण आले होते. फक्त जुने लोक बैलजोडी कुठून सुटणार यावरून दिवसभर भांडले. मैदान कोणाच्या नावावर आहे ते पाहा भाऊ, बाकी गोष्टी मागून. तुमच्या जिनिंगमागचा सातबारा कोणाचा?

जिनिंगमागचा गोली
जिनिंग मालकाचा. म्हातारा होता तोवर काही बोलला नाही. आता मुलं पुण्याला.

पऱ्हाटी
मग झाली तुमची बैठक.

वैनगंगेकाठी
हेच लिहिणार होतो.

जिनिंगमागचा गोली
हं. खरं सांगायचं तर जुन्यांपैकी सगळ्यांना हे माहीत आहे, कोणी बोलत नाही. संकुल दीड कोसावर. मोठी पोरं गाडीनं जातील. शाळेतली लहान पोरं, जी दप्तर गोलपोस्ट म्हणून ठेवतात, ती नाही जाणार. मला विचाराल तर स्पर्धा तिकडे न्यावी न् रोजचा सराव जमेल तोवर इकडेच ठेवावा. मालकाच्या मुलांना फोन करून निदान दोन-चार वर्षांचं लिहून घेता आलं तर पाहतो.

दोन वेण्या
आले परत. दादा, संकुलाची किल्ली कोणाकडे असते आणि लाइटबिल कोण भरते, हे आधी विचारा. आमच्याकडे उद्घाटन झालं न् कुलूप लागलं ते लागलंच. आम्ही बायका निवेदन घेऊन गेलो तेव्हा उघडलं. आता सकाळी ५ ते ८ किल्ली आमच्या गटाकडे असते.

संत्र्याची फोड
ताई, पहाटे ५ ला कुत्र्यांचा त्रास नाही का? आमच्याकडे चालायला जायची सोय राहिली नाही.

दोन वेण्या
आहे ना. काठी घेऊन जातो. एकीनं बिस्किटं घालून त्यांना माणसाळवलं, तर आता तेच राखण करतात.

खाण कॉलनी
गोली भाऊ, नेट आहे का तुमच्याकडे? आमच्याकडे जुनी जोडी पडून आहे, थोडी फाटकी. वणीला कोणी येत असेल तर पाठवून द्या.

जिनिंगमागचा गोली
आमचा गडी बुधवारी सरकी पेंड घ्यायला येणार आहे तिकडे. त्याला सांगतो. फाटकी चालते, इकडे शिवणारे आहेत.

सावजी तर्री
वणीला येतच आहे तं येताना...

खाण कॉलनी
काका, तर्री नाही भेटत पार्सलमध्ये.