मदत हवी आहे: लॉजवाल्याकडून आगाऊ भाडं परत कसं मिळवावं?

नमस्कार मंडळी. आई-बाबांना घेऊन पंढरपूरला गेलो होतो. फोनवर बोलून लॉज ठरवला, सगळं भाडं यूपीआयने आधीच भरलं. फोटोत खोली लख्ख. प्रत्यक्षात भिंतीला ओल येऊन पोपडे सुटलेले, गादीवर डाग, उशांना कुबट वास. "गरम पाणी चोवीस तास" म्हणाले होते, तर गिझरची वायरच तोडलेली! आईचे गुडघे दुखतात म्हणून तळमजल्याची खोली सांगितली होती. दिली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. म्हातारी माणसं धापा टाकत जिना चढत होती, फार वाईट वाटलं.

सकाळीच खोली सोडली. मालक म्हणतो, पैसे परत मिळणार नाहीत. पावतीही दिली नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करणार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपल्या राहत्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगातही दाद मागता येते आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, एवढं माहीत आहे. पण पावतीऐवजी यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं चालतं का? आधी वकिलामार्फत नोटीस पाठवावी की स्वतः लिहिलेली पुरते? कुणी अशी तक्रार तडीस नेली असेल तर कृपया सविस्तर सांगा.

आणि मंदिराजवळ, ज्येष्ठांना जिने चढावे लागणार नाहीत अशी स्वच्छ खोली कुठे मिळेल? आईला पुन्हा दर्शनाला न्यायचंय.