शब्दचर्चा : ‘विनास्पर्श’ कशाला म्हणायचं?

प्रश्न (वरोरा) : आयटीआयच्या पोरांसाठी जाडी मोजण्यावर मराठीत टिपण लिहून राहिलो. ‘नॉन-कॉन्टॅक्ट’ला विनास्पर्श म्हणू की अस्पर्शी? लेसर अन् अल्ट्रासॉनिक (कानाला न येणाऱ्या ध्वनीनं मोजणं), दोन्ही त्यातच घेऊ का?

उत्तर (चंद्रपूर) : भाऊ, ‘अस्पर्शी’ नको. त्या शब्दाजवळ आपल्या समाजाची जुनी जखम आहे. ‘विनास्पर्श’ चांगला, पण सगळ्यांना लावू नका.

वीज केंद्रात बॉयलर बंद ठेवला की नळ्यांची जाडी तपासतात, कारण उडत्या राखेनं नळी बाहेरून झिजते. तिथं अल्ट्रासॉनिकचा प्रोब, म्हणजे ध्वनी सोडणारं अन् परतलेला टिपणारं टोक, नळीला टेकवावाच लागतो, अन् मधात जेल लागते. हवेची फट राहिली तर जवळजवळ सगळा ध्वनी तिथूनच परततो. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावतो. पलीकडच्या पृष्ठावरून परतायला लागलेला वेळ गुणिले वेग, भागिले दोन, ही झाली जाडी. ६ मिलिमीटरच्या नळीत जाऊन-येऊन जेमतेम २ मायक्रोसेकंद! याला विनास्पर्श लिहिलं तर पोरगं जेल न लावता प्रोब धरेल अन् आकडाच येणार नाही. इथं खरी सोय ही की नळी कापावी लागत नाही अन् आतून हात घालावा लागत नाही. म्हणून ‘अविनाशक’ म्हणा. ‘अविनाशी’ नव्हे, अविनाशी म्हणजे ज्याचा स्वतःचा नाश होत नाही ते.

लेसर मात्र खरोखर विनास्पर्श. धावत्या पत्र्याच्या वर एक, खाली एक. दोघांमधलं अंतर ठाऊक असते. त्यातून दोघांनी मोजलेली पत्र्यापर्यंतची अंतरं वजा केली की जाडी. दोघांनी एकाच क्षणी मोजलं पाहिजे, कारण पत्रा थरथरते.

प्रश्नकर्ता : अन् लालभडक तापलेल्या पाइपाचं? प्रोब टेकवणार कसा? आतली बाजू लेसरला दिसत नाही.

उत्तर (चंद्रपूर) : तिथं लेसर-अल्ट्रासॉनिक. लेसरचा क्षणभराचा झोत पृष्ठ तापवतो, ते एकदम प्रसरण पावते अन् धातूत ध्वनी उठतो. तो परतला की पृष्ठ किंचित हलते. ते दुसरा लेसर टिपतो. अविनाशक अन् विनास्पर्श, दोन्ही शब्द इथं शोभतात.

हिंगणघाटहून : अल्ट्रासॉनिकला ‘स्वनातीत’ लिहू नका, सर. तो ध्वनीहून वेगवान विमानाचा शब्द. २०,००० हर्ट्झच्या वरचा, कानाला न येणारा ध्वनी तो ‘श्राव्यातीत’. अन् टिनाचं ‘गेज’, म्हणजे जाडीचा नंबर, पोरांना आधीच सांगा : नंबर वाढला की टीन पातळ.