मोटरच्या ड्राइव्हला पीआयच पुरे, की प्रेडिक्टिव्ह कंट्रोल हवा?

मकरपुरा_ड्राइव्ह
बडोद्यात ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं, दुरुस्त करण्यात माझी चौदा वर्षं गेली. परवा हाताखालच्या मुलानं विचारलं, "इन्व्हर्टरला मोजून ८ स्विचिंग अवस्था, मग पीआय आणि पीडब्ल्यूएमचा एवढा घाट कशाला?" (इन्व्हर्टर म्हणजे डीसीचा एसी करून मोटरला देणारे स्विच, पीआय म्हणजे आताची आणि साठलेली चूक बघून दुरुस्ती करणारा कंट्रोलर, पीडब्ल्यूएम म्हणजे पल्सची रुंदी बदलून हवं ते व्होल्टेज देणं.) मला उत्तर सुचलं नाही. आता वाटतं, त्याचंच बरोबर आहे. टू-लेव्हल (प्रत्येक फेजला दोनच पातळ्या देणाऱ्या) इन्व्हर्टरच्या ८ अवस्थांतून वेगळे व्होल्टेज व्हेक्टर, म्हणजे व्होल्टेजचा आकार आणि दिशा, ७ च मिळतात. समजा दर ५० मायक्रोसेकंदांनी सातही मोटरच्या गणिती मॉडेलवर तपासले, करंट हवा तिथे नेणारा निवडला आणि लावला. हाच प्रेडिक्टिव्ह कंट्रोल. करंटची मर्यादा, स्विचिंगमधलं नुकसान, सगळं एकाच हिशोबात बसतं. पीआयमध्ये व्होल्टेज कमी पडलं की इंटिग्रेटर (चूक साठवणारा भाग) भरत जातो आणि त्याला आवरायला वेगळी सोय लागते. नव्या ड्राइव्हमध्ये हाच कंट्रोल यावा, असं माझं ठाम मत आहे.

दांडियाबाजार_वाइंडर
भाऊ, नाही पटलं. ऑटोट्यून, म्हणजे ड्राइव्हनं मोटरचे आकडे स्वतः मोजणं, होतं सकाळी, थंड मोटरवर. मे महिन्यात दुपारी वाइंडिंग ८० अंशांनी तापलं की तांब्याचा रेझिस्टन्स ३० टक्क्यांच्या आसपास वाढतो. तुमचं मॉडेल सकाळचं आणि मोटर दुपारची! त्यात रिवाइंड करताना तार किंवा वेढे बदलले असतील, तर पाटीवरच्या आकड्यांवर काय भरवसा ठेवायचा?

रावपुऱ्याची_प्राध्यापिका
काका, मुद्दा खरा आहे, पण आरोपी चुकला. ५० मायक्रोसेकंदांच्या एका पावलात करंटच्या अंदाजावर रेझिस्टन्सचा परिणाम फार थोडा होतो. गडबड होते ती इंडक्टन्स चुकला की, आणि लोखंड सॅच्युरेट झालं, म्हणजे आणखी चुंबकत्व घेईनासं झालं, की तो बदलतोच. शिवाय पीआय वापरणारा इनडायरेक्ट व्हेक्टर कंट्रोलसुद्धा रोटरच्या टाइम कॉन्स्टंटवर (इंडक्टन्स भागिले रेझिस्टन्स) चालतो. रोटर तापला की तिथेही फ्लक्सची (चुंबकीय प्रवाहाची) दिशा चुकते. पीआय असला म्हणजे मॉडेल लागत नाही, हा समज मुलांच्या डोक्यातून काढायला मला अख्खं सत्र लागतं.

मकरपुरा_ड्राइव्ह
मॅडम, हेच मला म्हणायचं होतं.

अलकापुरी_पॅनेल
पण माझी खरी तक्रार कुणी मांडलीच नाही. पीडब्ल्यूएम नसलं की स्विचिंग फ्रिक्वेन्सी स्थिर राहत नाही, हार्मोनिक्स (नको असलेल्या फ्रिक्वेन्सी) सगळीकडे पसरतात. त्या गाळणारा एलसी फिल्टर कुठल्या फ्रिक्वेन्सीला धरून काढू? पर्याय निवडायच्या हिशोबात टॉर्क आणि फ्लक्सचं वजन किती ठेवायचं, याचंही पक्कं सूत्र नाही, शेवटी अंदाजानंच लावायचं. म्हणजे पीआयचे गेन (जुळवायचे आकडे) गेले आणि वजनं आली. ताकाहाशी आणि नोगुची यांनी १९८६ मध्ये डीटीसी (डायरेक्ट टॉर्क कंट्रोल) मांडली, तिच्यातही मॉड्युलेटर (पीडब्ल्यूएम करणारा भाग) नव्हता आणि बदलत्या फ्रिक्वेन्सीचा हाच त्रास होता. १५ एचपीच्या पंपासाठी ग्राहकाच्या गळ्यात हे कशाला बांधायचं?

रावपुऱ्याची_प्राध्यापिका
पंपाला नकोच, इथे मी तुमच्या बाजूची. मात्र मीडियम व्होल्टेजला (काही हजार व्होल्टला), जिथे नुकसान टाळायला स्विचिंग काही शे हर्ट्झवर ठेवावं लागतं, तिथे प्रत्येक स्विचिंग विचार करून करावं लागतं आणि पीआय तोकडा पडतो. फक्त एकच पाऊल पुढे पाहून तिथे भागत नाही. टू-लेव्हलमध्येसुद्धा १० पावलं पाहायची तर ७ चा दहावा घात, म्हणजे २८ कोटींवर पर्याय. त्यातले बहुतेक आधीच छाटायच्या पद्धती निघाल्या, तेव्हा कुठे हे शक्य झालं.

दांडियाबाजार_वाइंडर
माझ्याकडे १० एचपीची मोटर रिवाइंड होऊन पडली आहे. भाऊ, रविवारी तुमचा बोर्ड आणा. सकाळी एकदा चालवू, चार तास लोडवर तापवून पुन्हा चालवू. दोन्ही वेळचा करंट स्कोपवर बघू, मग बोलू.

मकरपुरा_ड्राइव्ह
येतो. आधी पीआयवर, मग प्रेडिक्टिव्हवर, त्याच मोटरवर दोन्ही.